आठवा घटक

बाईमाणसाला आयुष्यात लोक काय काय म्हणतात. मला सून म्हणून झालं, ट्रिमिंगवाली, मग सेटर, मग मगदूम मॅडम, विधवा म्हणूनही झालं. सत्तावन्नाव्या वर्षी कंपनीने मला घटक केलं. आठवा घटक. त्याच्या पातळ्या दोन: 'आहे' आणि 'नाही'.

नीटच सांगते, नाहीतर डोक्यावरून जाईल.

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. आम्ही प्लास्टिकच्या झडपा बनवतो. एक झडप चार ग्रॅमची, आत नखाएवढी पारदर्शक पाकळी. नुकत्या जन्मलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या यंत्रावर ठेवतात त्यात ती बसते. बाळाने श्वास सोडला की पाकळी उघडते, घेतला की मिटते. तेवढंच तिचं काम, पण ते चुकून चालत नाही.

मी लागले तेव्हा शेडमध्ये बेचाळीस बायका होत्या. झडपेच्या कडेला आलेलं फालतू प्लास्टिक ब्लेडने कापायचं, म्हणजे ट्रिमिंग. एवढ्या गप्पा चालायच्या की मशीनचा आवाज ऐकू यायचा नाही. पुढे साचे चांगले झाले, कापायला काही उरलं नाही, वीस बायका गेल्या. माल उचलायला यांत्रिक हात आले, आणखी पंधरा गेल्या. उरलेल्या 'योजक' आल्यावर गेल्या. मी तेवढी राहिले, कारण तोवर साचे बसवायला शिकून सेटर झाले होते. आता शेडमध्ये दिवेसुद्धा लावत नाहीत. मशीनला दिसायला उजेड लागत नाही, आणि माझ्या एकटीसाठी कोण लावणार? मी डोक्याला बॅटरी बांधून फिरते.

योजक म्हणजे मशीन नव्हे, मशीनं चालवणारी अक्कल. तो काय करतो ते सांगायला मला आमटीच घ्यावी लागते. आमटी जमली नाही तर आपण आधी मीठ वाढवून बघतो, मग चिंच, मग गूळ. एका वेळी एक. पण चिंच किती हवी हे गुळावर ठरतं, आणि गूळ किती हे चिंचेवर. एकेक बदलत बसणाऱ्याला ही जोडी कधीच सापडत नाही. योजक सगळं एकदम बदलतो, पण मनाला येईल तसं नाही, आखणी करून. प्लास्टिकचं तापमान, साच्याचं तापमान, दाब, भरायचा वेग, दाब धरून ठेवायचा वेळ, थंड व्हायचा वेळ, आणि कच्चा दाणा किती तास वाळवला तो काळ. हे झाले सात घटक. प्रत्येकाच्या दोन पातळ्या, कमी आणि जास्त. त्यात आणखी एक घटक आला तर सगळ्या जोड्या बघायला दोनशे छप्पन्न प्रयोग लागतील. नेमके निवडले तर बत्तिसात काम होतं. बत्तीस दिवसांत कुठला घटक खरा आणि कुठला नुसता मिरवणारा ते कळतं. या प्रयोगांचा क्रमही चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे उन्हाळ्याचा किंवा कमी व्होल्टेजचा दोष एकाच घटकाच्या माथी बसत नाही.

योजकाने सात घटक असे घासूनपुसून काढले होते. तरी थोडा फरक उरायचा. काही दिवस झडपा उगीच कमजोर निघायच्या. या फरकाचं कारण शोधायला त्याने हवामान तपासलं, पाणी तपासलं, विजेचा दाब तपासला, आणि शेवटी हजेरी तपासली. कमजोर दिवस नेमके मी नसतानाचे निघाले: मी दाढ काढायला गेले ते दोन दिवस, मी दिराच्या मयताला गेले ते चार दिवस.

हे मला ओवीने सांगितलं. ओवी टिळेकर पुण्याच्या हेड ऑफिसची, योजकाची प्रयोगतज्ज्ञ. अठ्ठावीस वर्षांची पोर, पण बोलणं तोलूनमापून.

"मॅडम, योजकाने तुमचं नाव काढलंय," ती म्हणाली.

"का बाई? काय मोडलं मी?"

"उलट आहे. तुम्ही नसता तेव्हा काहीतरी बिघडतंय, असा त्याला संशय आहे. पण नुसत्या संशयावर चालत नाही." मग ती म्हणाली, "खरं सांगते. दिवाळीपर्यंत कंपनीच्या अकराही कारखान्यांत एकही माणूस ठेवायचा नाही, असं वर ठरलंय. मी म्हटलं, आधी तपासू तरी. तुमचा परिणाम दिसला तर माणूस राहील. नाही दिसला, तर तुमचा हा शेवटचा महिना."

घरी गेल्यावर मी आरशात बघितलं. चौतीस वर्षांत मॅनेजर आले नि गेले, पण माझ्यामुळे काही फरक पडतो का, असं एकानेही विचारलं नव्हतं. विचारलं ते एका अकलेने, जिला मी दिसतही नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या रात्री आनंदाने जेवण गेलं नाही.

बत्तीस दिवस ठरले. सोळा 'आहे', सोळा 'नाही', चिठ्ठ्यांच्या क्रमाने. रोज सकाळी सहाला फोनवर एक शब्द यायचा. 'नाही' आलं की त्या दिवशी माझं कार्ड दाराला चालायचं नाही. रोजच्या शंभर झडपा पुण्याला जायच्या, तिथे त्या लाखो वेळा उघडझाप करून फाटेपर्यंत तपासायच्या. बाकीच्या, कॅमेऱ्याने पास केलेल्या, नेहमीसारख्या दवाखान्यांना जायच्या.

पहिला 'नाही' मंगळवारी आला. नवऱ्याला, प्रकाशला, जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. घर कसं, दोन खोल्यांचं, आवरायला घेतलं तर साडेआठला आवरून होतं. मग मी बसले. दुपारी झोपले, उठले, पुन्हा बसले. दिवसभरात मी एकंदर एक वाक्य बोलले, ते दूधवाल्याशी, की उद्या अर्धाच लिटर टाक. शेडमध्येही मी एकटीच असते, पण तिथे एकटेपणाला काम असतं. इथे ते माझ्यासमोर खुर्ची टाकून बसलं होतं.

दुसरा 'नाही' तसाच गेला. तिसऱ्या 'नाही'ला मी साडी बदलली आणि चालत गेटवर गेले. गेटला बाबालाल मुलाणी असतो. मिरजेचा माणूस, माझ्याहून वर्षाने मोठा, सुरक्षा एजन्सीचा. गेली अकरा वर्षं येताना-जाताना त्याच्याशी पाच मिनिटं बोलायचं, हेच माझं दिवसाचं बोलणंचालणं.

"ताई, आज 'नाही' हाय न्हवं?"

"हाय की. घरात बसवंना ओ."

"मग बसा की हितं. भडंग हाय."

त्याने खुर्ची पुसून दिली. भडंग खाताखाता त्याने मला नातवाच्या, मुंजीएवढ्या थाटाने झालेल्या सुंतेची हकिकत सांगितली आणि मी किती दिवसांनी मोठ्याने हसले. शेडच्या पंख्यांचा झोत गेटकडेच येतो. हसता हसता माझ्या नाकात वास शिरला.

"बाबालालभाई, जळका वास येतोय का?"

"मला तर भडंगाचाच येतोय."

"सहा नंबरचं मशीन जळतंय."

साचा मिटतो आणि पातळ प्लास्टिक आत घुसतं, तेव्हा आतली हवा बाहेर जायला साच्यात केसाहून बारीक फटी ठेवलेल्या असतात. प्लास्टिकची वाफ बसून बसून त्या बुजतात. मग हवा आत अडकते, दाबाने इतकी तापते की प्लास्टिकची कड करपते. करप दिसली तर कॅमेरा झडप बाजूला काढतो. पण करपण्याच्या आधी एक पायरी असते, झडप दिसायला आरशासारखी आणि पाकळीच्या बुडाशी कच्ची. ती पास होते. मी रोज वासावरून ओळखते आणि पितळी ब्रशने फटी साफ करते. हे कुठल्या पुस्तकात नाही, कारण ते काम आहे असं मलाच कधी वाटलं नव्हतं. घरात येता-जाता आपण ओटा पुसतो तसं ते.

"मला आत सोडा," मी म्हणाले. "पाच मिनिटं."

"कार्ड चालंल का तुमचं?"

"मागचं शटर. त्याची किल्ली तुमच्याकडे असते."

"ही झडप पोरांच्या मशीनला जाती न्हवं?"

"हो."

"मग चला. पर येंट्री मारणार मी. आत गेलेल्या माणसाची येंट्री न्हाई, तर मी हितं बसतोय कशाला?"

आणि त्याने गेटच्या वहीत खरोखर लिहिलं: राजश्री मगदूम, आत ११.२०, बाहेर ११.३१. ती वही कोणी वाचत नव्हतं. सगळं कार्डावर होतं. तरी तो निळ्या पेनाने सुवाच्य लिहायचा.

दर दोन तासांनी मशीन पिनांना तेल घ्यायला चार मिनिटं आपणहून थांबतं. तेवढ्यात मी फटी साफ केल्या. शेडमध्ये कॅमेरे ढीगभर, पण सगळे झडपेकडे बघणारे. माणसाकडे बघणारा एकही नव्हता.

त्यानंतर 'नाही' आला की मी गेटवर जायचे. एक दिवस तापाने निजले तेवढा सोडून दर वेळी. आधी भडंग, मग शेड, मग पुन्हा थोडं बसणं. सेटिंगला मी बोट लावलं नाही, एक बटण दाबलं नाही. म्हणजे प्रयोगाला हात लावला नाही, असं मी स्वतःला समजावलं. माझ्या हिशेबाने घटक म्हणजे माझं कार्ड. शिवाय शेडमधून चांगला माल जातोय म्हटल्यावर माझंच नाव होईल, असंही कुठेतरी मनात होतं. चौतीस वर्षं चांगला माल काढणाऱ्या बाईला वाईट निकाल येईल असं स्वप्नातही दिसत नाही.

महिना संपून तीन आठवड्यांनी ओवी आली. तिने मला ऑफिसात बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पडद्यावर आठ पट्ट्या होत्या, प्रत्येक घटकाची एक. दाणा वाळवण्याची उंच, साच्याच्या तापमानाची त्याहून उंच. आठव्या जागी जेमतेम रेघ.

"ही एवढी रेघ योगायोगानेही येते," ओवी म्हणाली. "'आहे'च्या दिवसांच्या झडपा चांगल्या आहेत. 'नाही'च्या दिवसांच्याही तितक्याच चांगल्या आहेत. मला वाटलं होतं की... पण तुमचा परिणाम शून्य आहे, मॅडम. मला वाईट वाटतंय."

मी त्या रेघेकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. मी नसतानाच्या झडपा चांगल्या होत्या, कारण मी होते. मीच माझं 'नाही' खोटं केलं होतं. दोन्ही पातेल्यांत मीठ घालून मी म्हणत होते की मिठाने काय फरक पडतो ते बघा.

गप्प बसले असते तर मी घरी गेले असते, एवढंच. खुर्ची टाकून बसलेल्या त्या एकटेपणापाशी. तेही सोसलं असतं. पण दिवाळीनंतर सहा नंबरच्या फटी कोण साफ करणार? अकरा कारखान्यांत कोण करणार? पाकळीच्या बुडाशी कच्ची झडप कुठल्या बाळाला लागणार?

"ओवी, मी येत होते," मी म्हणाले.

"कुठे?"

"'नाही'च्या दिवशी. मागच्या शटरने. फटी पुसून जायचे."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती प्रयोगतज्ज्ञासारखी ताठ बसली. "किती दिवस?"

"बरेच."

"बरेच म्हणजे? मला तारखा लागतील. कुठला प्रयोग बाटला आणि कुठला नाही हे कळलं नाही तर सगळं फेकून द्यावं लागेल, आणि दुसऱ्यांदा परवानगी मिळणार नाही."

"गेटच्या वहीत असेल. तारीख, वेळ, सगळं."

असं मी म्हणाले. मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं. चौतीस वर्षांची सवय, कोणी आकडा मागितला की तो कुठे लिहिलाय ते सांगायचं. ओवी उठून गेटकडे निघाली तेव्हा मला आठवलं की त्या वहीत अक्षर कोणाचं आहे. मी खुर्चीतून उठले नाही. पाय उठले नाहीत म्हणते, पण ते खरं नाही. मला त्याच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं.

वहीत तेरा नोंदी निघाल्या. सोळांतले तीनच दिवस खरे 'नाही' होते, आणि त्या तीन दिवसांच्या झडपा लाखभर उघडझाप होण्याच्या आतच फाटल्या होत्या. सोळांच्या सरासरीत ते बुडून गेलं होतं. तेवढ्यावर ओवीने पुण्यात भांडून नवे सोळा प्रयोग मिळवले. या वेळी एकही झडप बाहेर जाणार नव्हती, तपासून झालं की सगळा माल ग्राइंडरमध्ये.

वही एजन्सीकडेही गेली. जाणारच होती. बाबालालला निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. चौथ्या दिवशी मी गेटवर आले तर केबिनला कुलूप होतं आणि बाहेर एक खांब उभा होता. खांबाने माझं कार्ड वाचलं आणि गेट उघडलं.

नव्या सोळांत माझे 'नाही' आठ आले. आठही दिवस मी घरीच बसले. जाणार तरी कुठे, गेटवर बसायला खुर्ची नव्हती. खिडकीत बसून मी काय करायचे सांगू? झडपा फाटाव्यात अशी वाट बघायचे. जन्मभर ज्यांच्यासाठी डोळे फोडले त्या झडपा कच्च्या निघू देत, म्हणजे मी खरी ठरेन. ग्राइंडरमध्येच जाणार आहेत, बाळांना लागणार नाहीत, असं दर वेळी स्वतःला सांगायचे. तरी त्या आठ दिवसांत मी देवापुढे दिवा लावला नाही. काय मागायचं, याची लाज वाटायची.

निकालाच्या दिवशी ओवी पळतच आली. आठवी पट्टी पहिल्या तिनांत होती. अकराही कारखान्यांत पाळीला एक माणूस ठेवायचा, असा हुकूम निघाला. ओवीने मला मिठी मारली. मी तिच्या पाठीवर थोपटलं.

"एकच?" मी विचारलं.

"एकाने भागतंय, मॅडम. आणि आपण शून्य आणि एक एवढंच तपासलं. दोन तपासलंच नाही."

"तपासा की मग."

ती हसली, मी चेष्टा करतेय असं तिला वाटलं. मग तिची गाडी आली आणि ती पुण्याला गेली.

त्या रविवारी मी मिरजेला गेले. बाबालालचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो दारातल्या बाजेवर शेंगा फोडत बसला होता. मला बघून उठला, बाज झटकली, आत हाक मारून चहा सांगितला. त्याची बायको जैबून चहा देऊन, माझी विचारपूस करून आत गेली. नोकरी राहिल्याचं मी सांगितलं. तो म्हणाला, "झ्याक झालं."

मग आम्ही दोघेही शेंगा फोडत बसलो. गेटवर आमचं कधी बोलणं संपायचं नाही, इथे सुरूच होईना. शेवटी मीच म्हणाले, "मी खोटं बोलायला हवं होतं. शटर उघडंच होतं म्हणायचं. वहीचं नाव काढायला नको होतं."

"खोटं कशाला बोलताय?" तो म्हणाला. "बारक्या पोरांची वस्तू हाय ती. आन् वहीत मी लिवलं ते काय लपवायला लिवलं न्हवतं."

"मग तुमचा राग कशावर आहे?"

हातातली शेंग त्याने फोडली, दाणे माझ्यापुढच्या ताटलीत टाकले.

"तुमी आत बसून सांगितलासा," तो म्हणाला. "मी भाईर हुतो, दोनशे पावलांवर. एक हाक मारायची हुती, ताई. मी आलो असतो की तुमच्यासंगं. दोगांनी मिळून सांगितलं असतं."

हे मला सुचलंच नव्हतं. खरं बोलायचं की खोटं, नोकरी राखायची की सोडायची, सगळं मी त्या खुर्चीत बसून एकटीने उलटंसुलटं केलं होतं. त्यात दुसऱ्या माणसाला हाक मारता येते, हे माझ्या यादीतच नव्हतं. मी तसं त्याला सांगायला तोंड उघडलं, पण रडू आलं, आणि तो शेंगा फोडत राहिला.